स्क्रॅपबुकचा कागद: बेळगावच्या तीन फेऱ्या आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

24 ऑगस्ट 2025 ला आई पंचाहत्तर वर्षांची होणार होती. हॉल, जेवणावळ, शाल-श्रीफळ या सगळ्याला तिनं आधीच नाही म्हणून टाकलं होतं. मग भावाचं आणि माझं ठरलं की तिचे जुने फोटो एका जागी लावायचे, शेजारी चार-चार ओळी लिहायच्या आणि स्क्रॅपबुक करायचं. ‘करूया’ म्हणणारा तो कोल्हापुरात, फोटोंचा डबा खानापुरात माझ्या कपाटात. म्हणजे करणार कोण ते वेगळं सांगायला नको.

असलं काही मी आयुष्यात केलं नव्हतं. शाळेत चित्रकलेत काठावर पास. कात्री, डिंक, लेस हे जमलं कसंतरी, पण कागदानं मला सव्वा महिना फिरवलं. म्हणून हे लिहिणं फक्त कागदापुरतं.

शनिवार, 7 जून. गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि विचारलं, “स्क्रॅपबुक आहे का?”

“आहे की ओ, अक्का. कितवीचं?”

पोरांना प्रोजेक्ट चिकटवायला देतात ती रंगीत पानांची वही त्यानं समोर ठेवली. सत्तर रुपये. मीही घेतली, कारण नाही म्हणायला मला दुसरं काय हवंय तेच माहीत नव्हतं. घरी येऊन एक फोटो ठेवून बघितला तर पान फोटोच्या वजनानं वाकलं. पुन्हा गेले, पाच चार्ट पेपर आणले, बारा रुपयांना एक. मंगळवारपर्यंत ते नुसते टेबलावर पडून केळीच्या पानासारखे वळले. खानापूरचा जून म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. मीठ ओलं, पापड ओला, तिथं कागद कोण? त्यातल्या लाल चार्टवर ओलं बोट फिरवलं तर बोट लाल झालं. ही गोष्ट मात्र फुकटात शिकले: रंगीत कागद फोटोखाली घालायचा असेल तर आधी ओल्या कापसानं एक कोपरा पुसून बघा. रंग सुटला तर त्याची जागा पोरांच्या प्रोजेक्टमध्ये.

त्याच आठवड्यात जुना अल्बम उघडला. चिकट पानांचा, वर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा असतो ना, तो. त्या काळी प्रत्येक लग्नात आहेरात एक तरी यायचाच. पानांवरचे डिंकाचे पट्टे चहासारखे तपकिरी झालेले आणि फोटो असे धरलेले की नखानं उचलायला गेले तर कोपऱ्याला चीर जायला लागली. शेवटी जाड शिवणदोरा दोन्ही हातांत ताणून धरला आणि फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे नेत सोडवला. एका फोटोला दहा मिनिटं. आईच्या मराठी शाळेतल्या पहिल्या वर्गाचा फोटो असा सुटला तेव्हा हात कापत होते. दोन फोटो सुटलेच नाहीत, ते तसेच पानावर ठेवून भावाला मोबाइलवरून नीट प्रत काढायला सांगितलं.

डब्याच्या तळाला वर्तमानपत्र घातलेलं होतं. ते उचलताना बोटांत चुरा झालं, आणि त्यावर उताणा पडलेल्या एका फोटोच्या पाठीवर बरोबर त्या चौकोनाएवढा पिवळा डाग. तिथं मला ‘ॲसिड-फ्री’ हा शब्द कळला. वर्तमानपत्राचा कागद लाकूड भरडून केलेल्या लगद्याचा. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे धरून ठेवणारं द्रव्य, तसंच राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल शेजारच्यालाही लागतं. चांगल्या कागदात लिग्निन काढलेलं असतं आणि आम्लाला मारायला खडूसारखा पदार्थ, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घातलेला असतो. पुस्तकी ज्ञान म्हणून वाचलं असतं तर विसरले असते. तो पिवळा चौकोन विसरणं शक्य नव्हतं.

पहिली फेरी 14 जूनला. बेळगाव आमच्यापासून सव्वीस किलोमीटरच्या आसपास. कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार कार्ड जवळ असलं की बायकांना सरकारी साध्या बसमध्ये शून्य तिकीट मिळतं, 2023 च्या जूनपासून. त्यामुळे कागदापायी कितीही हेलपाटे घातले तरी बसचा खर्च शून्य. हा हिशोब पुढे फार धीर देऊन गेला. मागून आलेल्या कोल्हापूरच्या वहिनीला मात्र तिकीट पडलं आणि तिनं ते मला दोनदा ऐकवलं.

खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली असं पायी फिरलो. काय हवंय हे न ठरवता बाजारात गेलं की जे होतं तेच झालं. एका दुकानात हातकागद दिसला. गुलाबाच्या पाकळ्या, गवताची पाती आत दाबलेली, कडा फाटक्या ठेवलेल्या. दुकानातला मुलगा वहिनीकडे बघून आधी मराठीत बोलला आणि मग आत कुणाला तरी कन्नडमध्ये ओरडून म्हणाला, “दप्प हाळे तगोंड बा!” जाड कागद घेऊन ये. आला की लगेच! पासष्टला एक असे अकरा कागद घेतले. सातशे पंधरा रुपये. घरी आल्यावर फोटो ठेवला तर खालच्या पाकळीच्या गाठीवर तो डुगडुगायला लागला. कागद एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. पेननं लिहिलं तर शाई चारी बाजूंना पसरली. शिवाय पाकळ्या म्हणजे शेवटी पालापाचोळाच, त्या तपकिरी होणार आणि डाग सोडणार.

हातकागद वाईट असतो असं नाही हं. सुती चिंध्यांपासून केलेल्या साध्या हातकागदात लिग्निनचा प्रश्न जवळजवळ नसतो, आणि कापसाचा धागा लांब म्हणून तो चिवट. मी घेतला तो शोभेचा होता आणि मला हवा होता पायाचा, म्हणजे खाली राहून फोटो पेलणारा. हा फरक दुकानात विचारायला हवा होता. मी विचारलं, “अजून रंग आहेत का?”

मग मी ऑनलाइन वळले. 16 जूनला नक्षीच्या कागदांचं पाकीट मागवलं: बारा बाय बारा इंच, चोवीस कागद, 180 जीएसएम, ॲसिड-फ्री, 449 रुपये. स्क्रॅपबुकवाल्यांत बारा बाय बारा हेच माप सगळ्यांत जास्त चालतं, अल्बम, प्लास्टिकची पाकिटं सगळं त्याच मापात मिळतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद 70 ते 80. फोटो पेलायला पायाचं पान 200 च्या वर हवं. नक्षीचा कागद वर चिकटवायचा असतो, तो 120 ते 180 असला तरी चालतो.

24 जूनला पाकीट आलं. हाताला लागलं तेव्हाच शंका आली. मापून बघायचं कसं? मग डोक्यात आलं की वजनच तर आहे, आणि वजनकाटा ओट्यावर आहे. एक कागद ठेवला तर काटा कधी 11 दाखवी, कधी 12. म्हणून चोवीसच्या चोवीस एकदम ठेवले: 268 ग्रॅम. एका कागदाचं साधारण 11.2. बारा इंची चौकोन म्हणजे एक चौरस फूट, आणि एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट. गुणलं तर आलं 120. 180 असता तर काट्यावर 400 ग्रॅम दिसायला हवे होते. दूधवाल्याचं माप पकडल्यासारखा आनंद झाला, खरं सांगते.

पुढची कटकट आता थोडक्यात. ‘परत’ करताना कारणांच्या यादीत ‘जाडी कमी’ असं काही नव्हतंच, ‘वर्णनाशी जुळत नाही’ निवडावं लागलं. पाकीट उघडलंय म्हणून विनंती एकदा फेटाळली. काट्यावरच्या गठ्ठ्याचा फोटो, पाकिटावरच्या 180 या आकड्याचा फोटो आणि वरचा गुणाकार असं तिन्ही पाठवल्यावर मान्य झाली. न्यायला येणारा माणूस दोन वेळा आला नाही आणि दोन्ही वेळा ‘ग्राहक घरी नव्हते’ असा निरोप मोबाइलवर आला. मी दारात उभी, वर धो-धो पाऊस. 4 जुलैला नेलं, 9 ला पैसे जमा. ज्यांना ऑनलाइन घ्यायचंय त्यांनी पाकीट फोडतानाच व्हिडिओ काढावा आणि वजन होईपर्यंत एकाही कागदाला कात्री लावू नये.

आता जुलै उजाडलेला, हातात धड एक पान नाही. एका रात्री मी सगळं बाजूला सारलं आणि फोटो हॉलभर फरशीवर मांडले. हे खरं तर 7 जूनला करायचं होतं. 63 फोटो. त्यांतले जोडीनं कुठले, एकटे कुठले, हे ठरवत गेले तर चोवीस बाजू झाल्या. म्हणजे बारा पानं, आणि माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणून वर सहा. अठरा! एवढ्या साध्या आकड्यासाठी मी महिना घालवला होता. शिवाय जुने फोटो बहुतेक काळे-पांढरे, मळकट कडांचे. त्यांच्याखाली गुलाबाच्या पाकळ्या कुणाला हव्या होत्या? साधा साय-रंगाचा कागद ठेवून बघितला आणि फोटो एकदम पुढे आले.

12 जुलैची दुसरी फेरी मी एकटीच गेले. आते-सासरे म्हणाले होते, “कागद दुकानात काय मागतेस, छापखान्यात जा की.” लग्नपत्रिका छापणाऱ्या एका जुन्या छापखान्यात गेले. लगीनसराई संपलेली, मशीन बंद, काका पेपर वाचत बसलेले. मी मापं सांगितली. त्यांनी विचारलं, “ताव किती पायजेत?” मी म्हटलं, अठरा. ते हसले. “अठरा ताव न्हवं ओ, अठरा तुकडे पायजेत तुमाला.”

आणि मग अर्धा तास त्या माणसानं मला जे शिकवलं ते कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. पूर्ण कागद म्हणजे ताव, चोवीस तावांचा दस्ता, पाचशेची रीम हे मला ऐकून माहीत होतं. पण तावाची मापं वेगवेगळी असतात आणि आपलं पान त्यात कसं बसतं यावर पैसे ठरतात. बावीस बाय अठ्ठावीस इंची तावातून बारा इंची चौकोन दोनच निघतात, बाकी सगळी कतरण. वीस बाय तीसमधूनही दोन, पण पान दहा इंची केलंत तर बरोबर सहा, तसूभर वाया नाही. पंचवीस बाय छत्तीसमधून बारा इंची सहा निघतात आणि एक इंचाची लांब पट्टी उरते. म्हणजे मला हवे होते तीन ताव. आणि ए-थ्री कागदातून बारा इंच निघतच नाही: त्याची आखूड बाजू 297 मिलिमीटर आणि बारा इंच म्हणजे 305. आठ मिलिमीटरनं हुकतं. मी घरी ए-थ्रीचं पाकीट घ्यायच्या बेतात होते.

दुसरं म्हणजे कागदाला उभं-आडवं असतं. त्यांनी कतरणीचा एक तुकडा घेऊन एका बाजूनं फाडला, रेघ ओढल्यासारखी सरळ फाटली. दुसरीकडून फाडला तर नागमोडी, केसाळ. मग एका पट्टीला जिभेनं ओलं केलं (आपण पाणी वापरूया) आणि तळहातावर ठेवली. पट्टी नळीसारखी वळली. “नळी जिकडं उभी, तिकडं धागा. बांधणीला धागा समांतर पायजे, न्हाईतर पान उलटताना ताठ उभं ऱ्हातंय.” चौकोनी पानाची गंमत अशी की एकदा कापलं की उभं कुठलं, आडवं कुठलं कळत नाही. म्हणून कापायच्या आधी त्यांनी तावाच्या पाठीवर पेन्सिलीनं बारीक बाण काढले, प्रत्येक चौकोनावर एक. पुस्तकातल्या पानांवर ते बाण अजून आहेत, फोटोंच्या मागे लपलेले.

300 जीएसएमचं आयव्हरी कार्ड, साय-रंगाचं, मागच्या कामातून उरलेलं. चाळीस रुपये ताव. छापखाने सहसा तीन ताव सुटे देत नाहीत, काकांनी दिले कारण उरलेले होते आणि बहुधा करमत नव्हतं. कापायचे चाळीस. मशीनवाला मुलगा त्या दिवशी नव्हता, म्हणून पुढच्या शनिवारी या म्हणाले. ॲसिड-फ्री आहे का, हे विचारल्यावर मात्र सरळ म्हणाले, “ते कंपनीच्या पाकिटावर आसंल तर आसंल. मी कसं सांगू?” हा प्रामाणिकपणा मला ‘शंभर टक्के फोटो-सेफ’ छापलेल्या पाकिटापेक्षा बरा वाटला. आमच्या भागातून दांडेली फार लांब नाही, तिथं काळी नदीकाठी 1955 पासूनची कागद कंपनी, तरी बारा पानांसाठी आपण शेवटी गल्लीतल्या छापखान्याच्याच दारात.

निघताना नजर कोपऱ्यातल्या खोक्याकडे गेली. जुन्या लग्नपत्रिकांचे नमुने! सोनेरी वेलबुट्टी, जाळीची कटाई, हळदीच्या रंगाचा खरबरीत कागद, काहींवर मराठी, काहींवर कन्नड, एकीवर दोन्ही. पाच रुपयांना एक या भावानं पंचवीस निवडले, 125 रुपये. माझ्या सगळ्या नक्ष्या त्यातूनच आल्या. आईच्या लग्नाच्या पानाला कुणा अनोळखी जोडप्याच्या पत्रिकेची महिरप आहे.

मग मूळ फोटोंचं काय? इथं मला सरळ तोड सुचली ती अशी: मूळ फोटो स्क्रॅपबुकमध्ये लावायचेच नाहीत. 58 फोटो स्कॅन करून लॅबमध्ये पुन्हा छापून घेतले, दहा रुपयांना एक. ते कुठल्याही पानावर चिकटवा, उद्या पिवळे पडले तर परत छापू. मूळ फोटो पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकच्या पाकिटांत. पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं नकोत. नव्या रेनकोटसारखा वास आला तर समजा पीव्हीसी. पण पाच फोटो असे होते की ज्यांच्या पाठीवर आजोबांचं मोडीवळणाचं अक्षर आहे. ते मूळचेच हवेत, असा आईचा हट्ट असणार हे मला न विचारता ठाऊक होतं. त्या पाचांसाठी 19 जुलैच्या तिसऱ्या फेरीत टिळकवाडीतल्या चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून ॲसिड-फ्री लिहिलेला सुती कागद घेतला. एकशे दहाचे दोन ताव. फोटोपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठे तुकडे कापले, ते आयव्हरीवर बसवले आणि फोटो डिंकानं न चिकटवता चार कोपऱ्यांच्या त्रिकोणी खिशांत अडकवले. हवं तेव्हा काढून पाठ वाचता येते. कागद घेताना कुणी वर्तुळातलं आडव्या आठचं चिन्ह दाखवलं तर ते टिकाऊ कागदाचं चिन्ह, पण आपल्या बाजारात मला ते एकदाही दिसलं नाही.

त्याच दिवशी कापलेली पानं घेतली. पाऊस असा की बसस्थानकावर छत्री उघडूनही गुडघ्यापर्यंत ओली. काकांनी गुंडाळी करून देऊ का विचारलं, मी नाही म्हटलं. 300 चं कार्ड गुंडाळलं की कण्यावर तडकतं आणि पुन्हा सपाट होत नाही. बेळगावच्या शहापुरात साडी घेतली होती तिचा मोठा खोका मी मुद्दाम नेला होता. पानं त्यात सपाट, वर-खाली पुठ्ठा, बाहेरून दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि सव्वा तास मांडीवर. कंडक्टरला वाटलं बेळगावची मिठाई नेतेय, त्यानं विचारलं, “काय मावशी, कुंदा काय?”

घरी आल्यावर लगेच चिकटवायला बसू नका, हे माझं मी शिकले. पहिल्या रात्री एका पानावर पांढरा पातळ डिंक लावला, सकाळी पान पोळीसारखं फुगलेलं. ओला डिंक पावसाळ्यात नकोच. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरली. बाकी पानं दोन दिवस कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवली, तिथं कमी दमट असतं. औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिकाच्या पुड्या साठवल्या होत्या त्या खोक्यात टाकल्या, कसर, म्हणजे कागद खाणारा किडा, लागू नये म्हणून रोज उघडून झटकत राहिले. बांधणीला डावीकडून इंचभर पान जातं, तेवढी जागा मोकळी सोडा. मी पहिल्या दोन पानांवर सोडली नाही आणि मामांचा अर्धा कान बांधणीत गेला. राखीव सहांपैकी चार पानं अशीच खपली.

21 ऑगस्टला बांधून आलं, पुठ्ठा आणि स्क्रूसह साडेतीनशे. कागदाचा हिशोब शेवटी लिहून काढला: वही, चार्ट आणि पाकळ्या मिळून 845 रुपये कपाटात पडून आहेत, आणि पुस्तकात गेलेला सगळा कागद 505 चा. पाकळ्यांचे अकरा कागद कुणाला हवे असतील तर घेऊन जा, गणपतीच्या मखराला झकास दिसतील.

आईनं 24 ला ते उघडलं, फोटो बघायच्या आधी पानाची कड अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाली, “पत्रिकेचा कागद होय गं हा?”